रिपोर्टनंतर उरणारे रसायन

वैद्यकीय प्रयोगशाळेतला कचरा म्हटले की डोळ्यांपुढे वापरलेली सुई येते, रक्ताने माखलेला कापूस येतो, फार तर पिवळ्या पिशव्या न्यायला येणारी गाडी येते. बरणीतून सिंकमध्ये ओतले जाणारे फॉर्मॅलिन मात्र कुणाला आठवत नाही. ते रंगहीन असते, त्यात रक्त दिसत नाही आणि नळ सोडला की थोड्या वेळात त्याचा वासही जातो. ज्याने ओतले त्याच्या लेखी ते तिथेच संपते. या पुस्तकाचा विषय तिथून सुरू होतो. रुग्णाच्या हाती रिपोर्ट पडल्यानंतर ती तपासणी घडवणाऱ्या रसायनांचे काय होते, आणि काय व्हायला हवे, हा त्यातला प्रश्न आहे. त्याला भिडताना एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते. वैद्यकीय कचऱ्याची आपली सारी व्यवस्था जंतूंच्या भीतीतून उभी राहिली. ती भीती खरी होती आणि व्यवस्थेने पुष्कळ कामही केले. पण जंतू मारण्यासाठी आखलेल्या वाटेवर रसायनाचा विचार राहून गेला. हा विचार पुन्हा आणायचा तर सुरुवात मोरीपाशी करून भागणार नाही. ती रिएजंटच्या खरेदीपाशी आणि तपासणीची पद्धत निवडण्यापाशी करावी लागेल.

आधी पसारा पाहू. हिस्टोपॅथॉलॉजीत शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे सुमारे ४ टक्के फॉर्मॅल्डिहाइडच्या द्रावणात, बुडवून ठेवतात. द्रावण नमुन्याच्या किमान दहापट असावे लागते. काढलेले गर्भाशय किंवा स्तन आले की हिशेब लिटरमध्ये जातो. पुढे तोच तुकडा चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून, मग झायलीनमधून जाऊन पॅराफिनमध्ये पोचतो आणि प्रत्येक टप्प्यावर वापरून झालेले द्रावण मागे उरते. बायोकेमिस्ट्रीत क्रिएटिनिन मोजण्याची याफे यांची १८८६ सालची पद्धत अजून जगभर चालते आणि तिला पिक्रिक आम्ल लागते. तिथल्याच अनेक रिएजंटमध्ये टिकाऊपणासाठी सोडियम अझाइड घातलेले असते. हिमॅटॉलॉजीत हिमोग्लोबिनसाठी वापरल्या जाणाऱ्या ड्रॅबकिनच्या द्रावणात पोटॅशियम सायनाइड असते. मायक्रोबायोलॉजीत क्षयरोगाच्या स्लाइड रंगवताना फिनॉल आणि सल्फ्युरिक आम्ल लागते. रेण्वीय तपासण्यांच्या किटमध्ये ग्वानिडिनियम थायोसायनेट असते. या पदार्थांचे धोके एका जातीचे नाहीत. फॉर्मॅल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणारे आहे, हा निष्कर्ष कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये काढला. झायलीन ३० अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते तापमान खोलीतही असते. पिक्रिक आम्ल ओले असेपर्यंत शांत राहते. कोरडे पडले की स्फोटक होते. सायनाइडच्या द्रावणात आम्ल मिसळले तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. या साऱ्यांवर एकच उपाय लागू पडणार नाही हे रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजेल. व्यवहारात मात्र त्या सगळ्यांचा रस्ता बहुधा एकच असतो.

या पसाऱ्याला इतिहास आहे, आणि तो धीर देणारा आहे. मळातले न दिसणारे रक्त शोधण्यासाठी एके काळी बेंझिडीन वापरत, रक्तातली साखर मोजण्यासाठी ऑर्थो-टोल्युइडीन. दोन्ही रसायने आज मानवी कर्करोगकारक म्हणून गणली जातात. कोलेस्टेरॉलसाठी अॅसेटिक अनहायड्राइड आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागे. लघवीतली साखर पाहण्यासाठी उकळलेल्या बेनेडिक्ट द्रावणातले तांबे रोज मोरीत जाई. आज साखर आणि कोलेस्टेरॉल या दोन्ही तपासण्या विकरांच्या साहाय्याने, कमी त्रासदायक द्रावणांत होतात. १९५७ साली लेनर्ड स्केग्ज यांनी स्वयंचलित विश्लेषणाची पद्धत मांडली. तिथून यंत्रे सुधारत गेली आणि मिलिलिटरमध्ये लागणारे रिएजंट मायक्रोलिटरवर आले. हिमोग्लोबिनच्या स्वयंचलित मोजणीत सायनाइडची जागा अनेक यंत्रांत सोडियम लॉरिल सल्फेटने घेतली. यातले बहुतेक बदल कचरा कमी व्हावा म्हणून झालेले नाहीत. तपासणी जास्त अचूक, वेगवान आणि स्वस्त व्हावी म्हणून ते झाले. कचरा आपोआप घटला. प्रयोगशाळेतल्या रासायनिक धोक्याची आजवरची सर्वांत मोठी घट प्रक्रिया केंद्रात झालेली नाही, ती पद्धत बदलल्याने झाली. अपघाताने साधले ते ठरवून साधता येईल का, हा पुढचा प्रश्न.

कायद्याचा इतिहास वेगळ्या दिशेने गेला. अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने घातक कचऱ्यावर उगमापासून शेवटच्या ठिकाणापर्यंत नोंद ठेवण्याचे तत्त्व आणले आणि १९८३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने प्रयोगशाळांतील रसायनांच्या विल्हेवाटीवर स्वतंत्र ग्रंथच काढला. पण १९८७-८८ च्या उन्हाळ्यांत न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या किनाऱ्यांवर सिरिंज वाहून आल्या, एड्सची धास्ती ताजी होती, आणि वैद्यकीय कचऱ्याचा माग ठेवणारा १९८८ चा कायदा त्या धास्तीतून आला. भारतात हा विरोधाभास आणखी ठळक दिसतो. भोपाळनंतर, १९८६ मध्ये, पर्यावरण संरक्षण कायदा झाला. म्हणजे त्याचे मूळच एका रासायनिक दुर्घटनेत आहे. त्याच वर्षी चेन्नईत देशातला पहिला एचआयव्ही संसर्ग उघडकीस आला. पुढे १९९६ मध्ये वढेरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या ५० वा अधिक खाटांच्या रुग्णालयांना भट्टी किंवा तितकीच परिणामकारक पर्यायी व्यवस्था बसवायला सांगितले आणि १९९८ मध्ये जैव-वैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम आले. रासायनिक भयातून जन्मलेल्या कायद्याखाली आलेले हे नियम जंतूंचाच विचार करत होते. त्यांतला दहावा वर्ग रासायनिक कचऱ्याचा होता. द्रवावर ‘रासायनिक प्रक्रिया’ करून ते गटारात सोडावे, असे तिथे म्हटले होते, आणि ही प्रक्रिया म्हणजे काय याचा खुलासा तळटीपेत होता: किमान १ टक्का हायपोक्लोराइट किंवा तत्सम रसायन, ज्याने निर्जंतुकीकरणाची खात्री होईल. रसायनाच्या कचऱ्यावर उपाय म्हणून आणखी एक रसायन, आणि यशाची कसोटी जंतू मेले की नाही ही. संपूर्ण गोंधळ त्या एका तळटीपेत सापडतो.

२०१६ चे नियम यापेक्षा पुष्कळ पुढे गेले, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. टाकून दिलेले फॉर्मॅलिन आणि प्रयोगशाळेतले द्रव आता नावानिशी पिवळ्या वर्गात आहेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र निचरा हवा, इतर सांडपाण्यात मिसळण्याआधी पूर्वप्रक्रिया हवी, असे नियम सांगतात. घन रासायनिक कचऱ्यासाठी भट्टी, प्लाझ्मा पायरोलिसिस किंवा घातक कचऱ्याच्या केंद्रात बंदिस्त करणे, असे पर्याय दिले आहेत. बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्याला एक अर्थपूर्ण कसोटीही लावली आहे: त्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. तरीही दोन फटी उरल्या. पहिली फट दोन नियमावल्यांमधली. जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नियम सुरुवातीलाच सांगतात की घातक कचऱ्याच्या नियमांत येणारे पदार्थ आमच्या कक्षेत नाहीत. घातक कचऱ्याचे नियम सांगतात की जैव-वैद्यकीय कचरा आमच्या कक्षेत नाही. कारखान्याला आपण कुठे उभे आहोत हे ठाऊक असते. हिस्टोपॅथॉलॉजीतले वापरलेले झायलीन दोहोंच्या उंबरठ्यावर थांबते. दुसरी फट खाटांची. खाटा नसलेल्या ठिकाणांनी संसर्गजन्य द्रव निर्जंतुक करून सोडावा, अशी तरतूद पुढच्या दुरुस्तीत आली. गल्लोगल्लीच्या पॅथॉलॉजी लॅबला खाटा नसतात. तिचा द्रव जंतूंच्या दृष्टीने किरकोळ आणि रसायनांच्या दृष्टीने भारी असू शकतो. पण ठळकपणे जे काम तिच्यावर पडते ते निर्जंतुकीकरणाचे, आणि हाताशी असते ते हायपो.

हायपोक्लोराइट हे उत्तम निर्जंतुक आहे आणि त्याला हिणवण्याचे कारण नाही. प्रश्न ते कशात ओतले जाते याचा आहे. आम्लधर्मी द्रवात ते क्लोरीन वायू सोडते. अमोनियाशी भेट झाली की क्लोरामाइनची वाफ तयार होते. ग्वानिडिनियम थायोसायनेट असलेल्या द्रावणात ते मिसळले तर विषारी वायू निघतात, सायनाइडयुक्त वायूही. ही बाब २०२० मध्ये पुस्तकी राहिली नाही. त्या वर्षाच्या आरंभी कोविडची तपासणी देशात फक्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत होत होती. पुढे ती करणाऱ्या प्रयोगशाळा हजारांच्या पुढे गेल्या. विषाणूचा आरएनए वेगळा करणाऱ्या पुष्कळ किटमध्ये हेच संयुग होते आणि सगळीकडे बजावून सांगितलेला उपाय हायपोचा होता. दोन्ही सूचना आपापल्या जागी बरोबर होत्या. त्या एकाच बादलीत भेटतील, हे पाहणे कुणाच्याच कामात नव्हते. उलट दिशेचे उदाहरण अझाइडचे आहे. सिंकमधून गेलेले अझाइड तांब्याच्या किंवा शिशाच्या नळांत साचून स्फोटक संयुगे बनवते. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९७६ मध्येच त्याचा इशारा दिला होता. तिथे धोका तंत्रज्ञाला नव्हता. पुढे कधीतरी तो नळ खोलणाऱ्या प्लंबरला होता.

या क्षेत्रात आज ढोबळमानाने चार विचारधारा दिसतात. सर्वांत जुनी सौम्यीकरणाची: भरपूर पाणी सोडा, तीव्रता कमी होईल. कित्येक किटच्या माहितीपत्रकांत अझाइडबद्दल आजही हाच सल्ला असतो, आणि नळात साठा होऊ नये एवढ्यापुरता तो बरोबरही आहे. दुसरी ज्वलनाची: जे नकोसे आहे ते उच्च तापमानाला जाळून टाका. तिसरी वर्गीकरण आणि नोंदींची: प्रत्येक डब्याला नाव, प्रत्येक फेरीला कागद, प्रत्येक हाताला जबाबदारी. आपले रंगांचे नियम, आयएसओ १५१८९ ची मानके आणि एनएबीएलची मान्यता-पद्धत या विचाराच्या जवळ जातात. चौथी उगमाशी कमी करण्याची. तिला १९९८ मध्ये पॉल अनॅस्टस आणि जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राच्या बारा तत्त्वांत बांधले. या चौघींना बाहेरून हलवणारी एक चळवळही आहे. वैद्यकीय कचऱ्याच्या भट्ट्या डायॉक्सिनचा मोठा स्रोत असल्याचे अमेरिकेत दिसून आले, तेव्हा १९९६ मध्ये ‘हेल्थ केअर विदाउट हार्म’ ही आघाडी उभी राहिली, आणि बरे करणाऱ्या संस्थेनेच आजार पसरवू नये हा मुद्दा तिने जगभर नेला. भारताने २०१८ मध्ये मान्य केलेला पाऱ्याविषयीचा मिनामाता करारही याच वळणाचा आहे: पाऱ्याची विल्हेवाट नीट लावण्यापेक्षा पारा येऊच न देणे. या विचारधारा परस्परांच्या शत्रू नाहीत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे तो उलटा लागला आहे: आधी पाणी, मग भट्टी, मग नोंद, आणि उगमाचा विचार जमल्यास.

यावर पहिला आक्षेप प्रमाणाचा घेतला जातो, आणि तो हलका नाही. आरोग्यसेवेतल्या कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के साधा असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; उरलेल्या १५ टक्क्यांतला मोठा भाग संसर्गजन्य. म्हणजे रसायन थोडेच. शेजारच्या औद्योगिक वसाहतीतून वाहणाऱ्या पाण्यापुढे लॅबमधले काही लिटर कोण मोजणार? पण प्रमाण थोडे असणे आणि धोका थोडा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कारखान्याचे पाणी एका ठिकाणी, ठाऊक असलेल्या घटकांचे, निदान कागदावर तरी प्रक्रियेला बांधलेले असते. लॅबचे रसायन निवासी इमारतीच्या सामाईक ड्रेनेजमध्ये, अनिश्चित मिश्रणाने, रोज थोडेथोडे जाते. झायलीन पाण्यात विरघळत नाही, वर तरंगते आणि त्याची वाफ गटारात कोंडते. ज्या माणसाला तिथे उतरावे लागते त्याच्यासाठी शहराची सरासरी निरुपयोगी आहे. फॉर्मॅल्डिहाइड विरळ असेल तर सांडपाण्यातले जंतू ते पचवतात, हे खरे. पण एकदम बरेच आले तर तेच जंतू मरतात, आणि मैलापाणी केंद्राचे सारे काम त्यांच्या जिवावर चालते. शिवाय प्रमाण थोडे असणे ही खरे तर कृतीच्या बाजूची गोष्ट आहे. थोडे असते ते डब्यात साठवता येते, मोजता येते, नेता येते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तालुक्याच्या गावात एक तंत्रज्ञ आणि एक मदतनीस यांच्यावर चालणाऱ्या लॅबने सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा कुठून बसवायची? बसवू नये, हेच उत्तर आहे. प्रत्येक लॅबने स्वतंत्र यंत्रणा उभारावी ही अपेक्षा अव्यवहार्य आहे, आणि अव्यवहार्य अपेक्षेतून कागदोपत्री पूर्तता जन्माला येते. सामाईक प्रक्रिया केंद्राची गाडी पिवळ्या पिशव्यांसाठी तशीही येते. घातक औद्योगिक कचऱ्याची केंद्रे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत. तुटलेला दुवा या दोहोंमधला आहे: छोट्या लॅबकडून नाव लिहिलेला, घट्ट झाकणाचा कॅन उचलून योग्य केंद्रापर्यंत नेणारी फेरी. तो दुवा जोडणे हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, पालिकांचे आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांचे मिळून काम आहे. आणि जिथे काम मोठे आहे तिथे हिशेब उलटाही होतो. अल्कोहोल आणि झायलीन ऊर्ध्वपातनाने शुद्ध करून पुन्हा वापरता येतात. त्यात विकत घ्यायचे द्रावण आणि टाकायचे द्रावण दोन्ही घटतात.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो रुग्णाच्या बाजूने येतो. पर्यायी रसायन वापरून निदान चुकले तर? फॉर्मॅलिनचा स्थिरीकारक म्हणून उपयोग फेर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ मध्ये मांडला. त्यानंतर पेशींच्या रचनेबद्दलचे डॉक्टरांचे डोळे आणि कर्करोगाच्या इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची प्रमाणे त्याच्यावरच बेतली गेली. त्याला सर्वार्थाने तुल्य पर्याय आज नाही. झायलीनचे पर्याय आहेत, पण त्यांना प्रक्रियेचा वेळ आणि हाताळणी बदलावी लागते आणि सर्वांचे निकाल सारखे येत नाहीत. इथे रुग्णाचे निदान पहिले, यात तडजोड नाही. पण या आक्षेपातून निघते ते एवढेच की बदल तपासून करावा. जिथे पर्याय सिद्ध आहे तिथे जुनी पद्धत सवयीने चालू ठेवण्याला त्याचा आधार मिळत नाही. आणि जिथे पर्याय नाही तिथे कमी आकारमानाचा डबा, गरजेपुरती खरेदी आणि वेगळा साठा हे मार्ग निदानाला धक्का न लावता खुले राहतात. ‘मग सगळे जाळूनच टाका’ हा उरलेला शॉर्टकटही टिकत नाही. क्लोरीनयुक्त द्रावक भट्टीत गेले तर डायॉक्सिनचा प्रश्न उभा राहतो, पारा जळत नाही, आणि पिवळ्या पिशवीत ओतलेला ज्वलनशील द्रव भट्टीवरच्या कामगाराच्या अंगावर येऊ शकतो.

हे सारे आत्ताच का निकडीचे झाले? कारण तपासणी वाढली, पसरली आणि दिसेनाशी झाली. कर्करोगाच्या बायॉप्सी आणि रेण्वीय तपासण्या आता मोठ्या शहरांपुरत्या राहिलेल्या नाहीत. क्षयरोगाच्या निदानात सूक्ष्मदर्शकाबरोबर रेण्वीय यंत्रे आली. फिनॉलची जागा काही ठिकाणी नव्या द्रावणांनी घेतली, पण कचऱ्याच्या सूचना जुन्याच राहिल्या. स्वयंचलित यंत्रात रिएजंट बंद पाकिटातून आत जाते आणि मागच्या नळीतून बाहेर पडते. ती नळी बऱ्याचदा थेट ड्रेनेजला जोडलेली असते. पूर्वी तंत्रज्ञ रसायन निदान हाताने ओतत होता, त्याला त्याचा वास येत होता. आता तो नुसते बटण दाबतो. प्रत्येक यंत्राने कचरा कमी केला असेलही, पण त्याबरोबर कचऱ्याचे ज्ञानही कमी केले.

प्रस्तुत पुस्तक या ज्ञानाची पुनर्बांधणी करू पाहते. ते नियमांचे भाष्य नाही आणि रसायनांचा कोशही नाही. तपासणी मागवली जाते तिथपासून तिचा शेवटचा थेंब कुठे पोचतो तिथपर्यंतचा मार्ग ते एका धाग्याने पाहते आणि प्रत्येक वळणावर एकच विचारणा करते: इथे निर्णय कोण घेतो, आणि त्याला काय माहीत असते? त्यामुळे खरेदी अधिकाऱ्याला टेंडरच्या अटींत कचऱ्याची माहिती मागण्याचा मुद्दा यात मिळेल. तंत्रज्ञाला कोणते दोन द्रव एका कॅनमध्ये कधीच जाऊ नयेत याची कारणांसह समज मिळेल, आणि पालिकेच्या अभियंत्याला आपल्या ड्रेनेजमध्ये काय येत असावे याचा अंदाज. डीएमएलटीच्या विद्यार्थ्याने ते अभ्यासाच्या सुरुवातीलाच वाचावे, हात सवयीला बांधले जाण्याआधी. हे पुस्तक आपल्या मर्यादाही सांभाळते: किरणोत्सारी कचरा आणि कर्करोगाची टाकाऊ औषधे हे स्वतंत्र विषय असल्याने त्यांना ते हात घालत नाही. दोन नियमावल्यांमधली फट पुस्तकाने बुजणार नाही; ती शासनानेच बुजवावी लागेल. मात्र त्याची वाट न पाहता करता येण्याजोगे बरेच आहे, आणि त्यातले बहुतेक काम बाटली विकत घेण्याच्या दिवशीच करायचे आहे. नवे किट मागवताना त्याची किंमत आणि अचूकता यांबरोबर ‘वापरून झाल्यावर हे कुठे जाणार?’ एवढे विचारण्याची रीत पडली, तर या पुस्तकाने आपले काम केले असे म्हणता येईल.